वाचकांचे प्रश्न : ट्यूडर काळात खेळायची मुभा कोणाला होती?

इतिहासाच्या अध्यापनाविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेली काही पत्रे या वेळी एकाच विषयाभोवती होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. विषय आहे ट्यूडर राजघराण्याच्या काळातल्या, म्हणजे 1485 ते 1603 या वर्षांतल्या इंग्लंडमधील खेळ, करमणूक आणि समाजातली उतरंड विद्यार्थ्यांना कशी समजावून द्यावी हा. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. दहावीच्या पाठ्यपुस्तकात मनोरंजनाची माध्यमे आणि खेळ यांच्या इतिहासावर दोन पाठ आहेत. त्यांना जोडून मी मुलांना ट्यूडर इंग्लंडवर एक प्रकल्प दिला. वह्या आल्या त्या याद्यांनी भरून : राजे घोड्यावरून भाल्यांचे द्वंद्व खेळत, सरदार शिकार करत, गरीब फुटबॉल खेळत. यादी चुकीची नाही, पण तीतून समाज दिसत नाही. सुरुवात कुठून करावी? (एक शिक्षिका, सोलापूर)

उत्तर : आपले निरीक्षण अगदी नेमके आहे. खेळांची यादी पाठ करून वर्गव्यवस्था समजत नाही, कारण यादी वाचताना असे वाटत राहते की श्रीमंतांची आवड वेगळी होती आणि गरिबांची वेगळी. मुळात प्रश्न आवडीचा नव्हताच. कोणाला कोणता खेळ, कोणत्या दिवशी, कोणत्या जागी आणि कोणाच्या परवानगीने खेळता येईल हे कायद्याने ठरवले होते, आणि शिकवण्याची सुरुवात त्या कायद्यापासूनच करावी असे माझे स्पष्ट मत आहे.

आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, 1541-42 साली, इंग्लंडच्या संसदेने बेकायदेशीर खेळांविषयीचा एक कायदा केला. कारागीर, शेतकरी, शेतावरचे गडी, मजूर, उमेदवार कामगार, खलाशी, कोळी, नावाडी आणि घरगडी यांपैकी कोणीही नाताळचे दिवस सोडून एरवी टेनिस, फासे, पत्ते, जमिनीवर गोळे घरंगळवण्याचा ‘बोल्स’ किंवा सोंगट्यांचा ‘टेबल्स’ नावाचा खेळ खेळू नये, खेळल्यास दर वेळी 20 शिलिंग दंड, असे त्यात म्हटले होते. नाताळातही खेळायचे ते मालकाच्या घरात किंवा मालकाच्या समोर. याउलट ज्याच्या जमिनीचे वार्षिक उत्पन्न 100 पौंड किंवा त्याहून अधिक होते, त्याला आपल्या घराच्या आणि बागेच्या आवारात नोकरमाणसांना खेळण्याची परवानगी देण्याचा अधिकार होता. म्हणजे एकाच खेळातला एक माणूस गुन्हेगार ठरत होता आणि दुसरा परवानगी देणारा ठरत होता. ही एवढी एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आली की उतरंड म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

दंडाचा आकडा मुलांना नुसता सांगू नये, त्यांच्याकडून हिशेब करून घ्यावा. 12 पेन्सचा एक शिलिंग, म्हणून 20 शिलिंग म्हणजे 240 पेन्स. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण इंग्लंडमध्ये बांधकामावरच्या बिगाऱ्याला दिवसाला साधारण 4 पेन्स आणि कसबी गवंड्याला साधारण 6 पेन्स मिळत. बिगाऱ्याने एकदा पत्ते खेळताना पकडले जाणे म्हणजे त्याची साठ दिवसांची मजुरी, गवंड्याची चाळीस दिवसांची. याच हेन्रीच्या वस्त्रभांडाराच्या हिशेबात 1526 साली फुटबॉलच्या चामडी बुटांच्या एका जोडासाठी 4 शिलिंग खर्ची पडल्याची नोंद आहे, आणि तो जोड घ्यायचा तर त्याच बिगाऱ्याचे बारा दिवस गेले असते. वर्गातला गणितात रस असलेला मुलगा इथे इतिहासाकडे वळतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

हा कायदा का झाला, हे विचारण्याची सवय मुलांना लावली पाहिजे. राज्याला युद्धासाठी धनुर्धारी हवे होते. धनुष्ये, बाण, प्रत्यंचा आणि बाणांची पाती बनवणाऱ्या कारागिरांची तक्रार होती की लोक नव्या खेळांच्या नादी लागल्यामुळे धनुर्विद्या मागे पडली आणि आमचा धंदा बसला. म्हणून त्याच कायद्यात असेही आहे की सात ते सतरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला बापाने किंवा मालकाने एक धनुष्य आणि दोन बाण द्यावेत, आणि सतरापासून साठीपर्यंतच्या धडधाकट पुरुषाने स्वतःजवळ एक धनुष्य आणि चार बाण ठेवावेत. सामान्य माणसाने रिकाम्या वेळात काय करावे हे राज्याच्या लष्करी गरजेने ठरत होते. सरदाराच्या मुलाच्या बाबतीत भाल्यांचे द्वंद्व हेही युद्धाचेच शिक्षण होते, पण तो त्याचा मान होता आणि त्याला प्रेक्षक होते. त्यासाठी लागणारा घोडा आणि चिलखत घेणे मजुराच्या स्वप्नातही शक्य नव्हते.

उतरंड किती पायऱ्यांची होती, हे सांगण्यासाठी विल्यम हॅरिसन या पाद्र्याने 1577 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्लंडच्या वर्णनाचा आधार घ्यावा. त्याने समाजाचे चार थर मानले : राजापासून साध्या जमीनदारापर्यंतचे ‘जंटलमन’, शहरांतले नागरिक आणि व्यापारी, स्वतःची बऱ्यापैकी जमीन कसणारे ‘योमन’, आणि सर्वांत खाली कारागीर व मजूर. या चौथ्या थराचा कारभारात काही आवाज नव्हता. माणसांची संख्या मात्र तिथेच सर्वाधिक होती.

आता वेळेचा मुद्दा, जो पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो आणि जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 1563 च्या कारागीर कायद्याने मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मजुराने पहाटे पाचपर्यंत कामावर हजर व्हावे आणि संध्याकाळी सात-आठपर्यंत राबावे असे ठरवले. जेवणखाण आणि विश्रांती मिळून अडीच तासांपेक्षा जास्त सुट्टी नाही, आणि गैरहजेरीच्या प्रत्येक तासाला एक पेनी कापली जाणार. त्याआधी 1536 साली हेन्रीने धार्मिक सणांच्या पुष्कळ सुट्ट्या, विशेषतः सुगीच्या दिवसांतल्या, रद्द केल्या होत्या. खेळायला वेळच कोणाकडे होता, हा प्रश्न सोलापूरच्या मुलांना परका वाटू नये. या शहरातल्या कितीतरी घरांत गिरणीच्या भोंग्यावर चाललेल्या आयुष्याच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. मुलांना घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारून यायला सांगावे की आजोबा किंवा पणजोबा कोणत्या पाळीला जात, आणि कुस्ती किंवा नाटक बघायला त्यांना कधी सवड मिळे. त्या उत्तरांच्या शेजारी 1563 चे कामाचे तास फळ्यावर लिहिले की चारशे वर्षांपूर्वीचा इंग्रज मजूर मुलांना माणूस म्हणून दिसू लागतो.

एका गोष्टीची काळजी मात्र घ्यावी. उतरंड हा शब्द उच्चारला की आपल्या वर्गात जातीचा विषय आपोआप येतो, आणि तो टाळू नये. पण ट्यूडर थर म्हणजे जात, असे समीकरणही मांडू नये. तिथे पैसा आणि जमीन मिळवून माणूस वरच्या थरात जाऊ शकत होता. स्ट्रॅटफर्डचे हातमोजे बनवणारे जॉन शेक्सपिअर, म्हणजे नाटककार शेक्सपिअरचे वडील, यांच्या घराण्याला 1596 साली कुलचिन्ह मिळाले आणि ते कुटुंब ‘जंटलमन’ म्हणवून घेऊ लागले. जन्माने कायमचे बांधून टाकणारी आणि लग्नसंबंध बंद करणारी व्यवस्था ही वेगळी गोष्ट आहे, आणि हा फरक मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावा. तसेच, कोणाचे आईवडील यंत्रमागावर आहेत आणि कोणाची आई विड्या वळते, हे भर वर्गात उघड करायला लावणारा कोणताही उपक्रम घेऊ नये. घरून आणलेली माहिती मुलांनी नावाशिवाय चिठ्ठीवर लिहून द्यावी.

प्रश्न : फुटबॉल हा गरिबांचा आणि रानटी खेळ मानला जाई असे एका पुस्तकात वाचले. मग राजाकडे फुटबॉलचे बूट कसे? (एक विद्यार्थी, बार्शी)

उत्तर : तुझी शंका अगदी योग्य आहे आणि वरच्या उत्तरातला बुटांचा उल्लेख वाचून ती आणखी पक्की होईल. त्या काळचा फुटबॉल म्हणजे दोन गावांतले किंवा एकाच गावातल्या दोन बाजूंचे लोक, किती खेळाडू याचा नियम नाही, मैदानाची हद्द नाही, आणि हातपाय मोडणे नेहमीचेच. मृत्यूच्या सरकारी चौकशीच्या नोंदींत फुटबॉल खेळताना दगावलेली माणसे सापडतात. सर टॉमस एलियट यांनी 1531 साली राज्यकारभार करणाऱ्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले, त्यात हा खेळ निव्वळ हिंसेचा म्हणून सरदारपुत्रांनी वर्ज्य करावा असे बजावले. पण 1581 साली लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेचे मुख्याध्यापक रिचर्ड मलकास्टर यांनी नेमके उलट लिहिले : खेळाडू मोजके ठेवले, त्यांच्या जागा ठरवल्या आणि वर एक शिकवणारा देखरेखीला ठेवला, तर फुटबॉलने मुलांचे शरीर सुदृढ होते. खेळ एकच, पण एकाला तो खालच्या लोकांचा दंगा वाटला आणि दुसऱ्याला शिक्षणाचे साधन. म्हणून पुस्तकात ‘मानला जाई’ असे शब्द आले की कोण मानत होते, हे तू लगेच विचारायचे.

प्रश्न : मी पंढरपूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. शेक्सपिअरच्या काळातल्या नाट्यगृहात सरदारापासून हमालापर्यंत सगळे एकत्र बसत, म्हणजे नाट्यगृह ही वर्गभेद विसरायला लावणारी जागा होती, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. हे कितपत बरोबर आहे? (एक प्राध्यापक, पंढरपूर)

उत्तर : सगळे एकाच छपराखाली येत, इथपर्यंत विधान बरोबर आहे. खरे तर छप्पर सगळ्यांवर नव्हतेच, आणि फरक तिथूनच सुरू होतो.

जेम्स बर्बेज या मूळच्या सुतारकाम करणाऱ्या नटाने 1576 साली लंडनच्या हद्दीबाहेर शोरडिच इथे ‘द थिएटर’ नावाचे नाट्यगृह उभारले. पुढे थेम्सच्या दक्षिण काठावर 1587 मध्ये रोझ, 1595 च्या सुमारास स्वॉन आणि 1599 मध्ये ग्लोब ही नाट्यगृहे झाली. 1596 साली आलेल्या योहानेस द विट या डच प्रवाशाने एकट्या स्वॉनमध्ये तीन हजार माणसे मावतात असे लिहून ठेवले आहे. टॉमस प्लॅटर हा स्विस प्रवासी 1599 मध्ये लंडनला आला होता, आणि त्याने दरांची पद्धत बारकाईने नोंदवली : एक पेनी दिली की खाली उघड्या अंगणात उभे राहायचे, बसायचे असेल तर दुसऱ्या दारातून जाताना आणखी एक पेनी, आणि जिथून सगळे दिसते आणि आपणही सगळ्यांना दिसतो अशा जागी गादीवर बसायचे असेल तर पुढच्या दाराशी तिसरी पेनी. पाऊस आला की पहिल्या पेनीवाले भिजत, तिसऱ्या पेनीवाल्यांवर छप्पर असे. एकाच इमारतीत थर रचलेले होते आणि प्रत्येक थराला वेगळे दार होते. छताखालच्या, मेणबत्त्यांच्या उजेडातल्या ब्लॅकफ्रायर्ससारख्या नाट्यगृहात तर प्रवेशाचा किमान दरच याच्या अनेक पटींनी जास्त होता.

पण पेनीपेक्षाही मोठी किंमत वेळेची होती. उघड्या नाट्यगृहातले प्रयोग उजेडात, दुपारी दोनच्या सुमारास सुरू होत, आणि कामाच्या दिवशीही होत. कारागीर कायद्याचे तास वर दिलेच आहेत. त्या हिशेबाने दुपारी अंगणात उभा असलेला उमेदवार कामगार हा कामावरून पळालेला किंवा मालकाने सोडलेला असायचा. लंडनच्या नगरप्रमुखांनी नाटकांविरुद्ध ज्या तक्रारी पुनःपुन्हा केल्या, त्यांत रोगराई आणि अनीती यांच्या जोडीला हीही होती की नाटकांमुळे उमेदवार कामगार आणि नोकर कामावरून भरकटतात. नाट्यगृहे शहराच्या अधिकारकक्षेबाहेर का बांधली गेली याचे एक मोठे कारण इथे आहे.

आणि आपल्या विद्यार्थ्यांना प्रेक्षकांबरोबर नटांचा थरही दाखवावा. 1572 च्या कायद्याप्रमाणे एखाद्या सरदाराच्या आश्रयाला नसलेला नट हा भटक्या आणि गुन्हेगार समजला जाई, त्याला फटके मारून उजव्या कानाला तापलेल्या लोखंडाने भोक पाडण्याची शिक्षा होती. म्हणून कंपन्यांची नावे पाहा : लॉर्ड चेंबरलेनचे लोक, लॉर्ड ॲडमिरलचे लोक, राणीचे लोक. सरदाराचे नाव हेच त्यांचे ओळखपत्र होते. ज्या समाजात नटाचे स्थान इतके अधांतरी होते, त्याच समाजात तो रंगमंचावर राजा होऊन उभा राही, आणि राजासारखे कपडेही घाली. कपड्यांचे कायदे तेव्हा कडक होते. 1574 च्या राजघोषणेने कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणते रेशीम, कोणती मखमल आणि कोणती लोकर वापरावी हे पायरीपायरीने ठरवून दिले होते. तरीही प्लॅटर सांगतो की सरदार मरताना आपले उंची कपडे नोकरांना देऊन जात, नोकरांना ते अंगावर घालणे शोभत नसल्यामुळे ते विकत, आणि नट ते स्वस्तात घेत. कापडाचा पोत हाताने ओळखणाऱ्या सोलापूरच्या मुलांना हा भाग फार आवडेल, पण पंढरपूरच्या मुलांनाही त्यातले मर्म कळेल : जो दर्जा कायद्याने जपला जात होता, तो रोज दुपारी एक नट अंगावर चढवत होता आणि उतरवत होता.

म्हणून मी आपल्या विधानात एवढाच बदल सुचवेन की नाट्यगृहात वर्गभेद विसरला जात नव्हता, तो सगळ्यांना एका वेळी दिसत होता. या बदलाने शेक्सपिअरची नाटके वाचतानाही फायदा होतो. राजा आणि कबर खणणारा एकाच नाटकात का बोलतात, हे अंगणात आणि सज्जात कोण होते ते कळल्यावर अधिक उमजते.

प्रश्न : अस्वलावर कुत्री सोडण्याचा खेळ, कोंबड्यांच्या झुंजी असे क्रूर प्रकार सातवी-आठवीच्या मुलांना सांगावेत का? माझ्या मुलीला त्यावरचा परिच्छेद वाचून रडू आले. (एक पालक, सोलापूर)

उत्तर : सांगावेत, पण वर्णन आवरते ठेवावे आणि प्रश्न मोठा करावा. आपल्या मुलीला वाईट वाटले ही चांगली गोष्ट आहे; तिला तसे वाटू नये म्हणून इतिहास गाळणे योग्य होणार नाही.

खांबाला बांधलेल्या अस्वलावर कुत्री सोडण्याचा हा खेळ गरिबांच्या रानटीपणाचा नमुना म्हणून शिकवला जातो, आणि ते खरे नाही. 1559 साली फ्रेंच वकिलांच्या स्वागतासाठी एलिझाबेथ राणीने तो दरबारी करमणूक म्हणून ठेवला होता. 1575 मध्ये केनिलवर्थच्या गढीत राणीच्या मुक्कामात तेरा अस्वले आणली होती. आठव्या हेन्रीने व्हाइटहॉलच्या राजवाड्यात टेनिसच्या अंगणांबरोबर कोंबड्यांच्या झुंजीसाठीही खास जागा बांधून घेतली होती. 1591 साली तर राणीच्या मंत्रिमंडळाने गुरुवारी नाटके करू नयेत असा हुकूम काढला, कारण नाटकांमुळे अस्वलांच्या खेळाचे प्रेक्षक कमी होत होते आणि तो खेळ राणीच्या आवडीचा होता. ज्या ट्यूडर करमणुकीत वरचे आणि खालचे थर खरोखर एकसारखे रमत, तीत हा खेळ अग्रभागी होता, आणि मुलांनी विचार करावा असे यात पुष्कळ आहे.

विरोध कोणी केला, हेही सांगावे. 13 जानेवारी 1583 रोजी, रविवारी, लंडनच्या पॅरिस गार्डन इथला प्रेक्षकांचा मचाण कोसळून माणसे मेली. प्युरिटन, म्हणजे कडक आचाराच्या प्रोटेस्टंट, धर्मोपदेशकांनी त्याला देवाचा कोप म्हटले. त्यांचा मुख्य राग पवित्र रविवार मोडल्याचा होता, जनावराच्या वेदनेचा मुद्दा त्यांच्यापैकी थोड्यांनीच मांडला. इंग्लंडमध्ये हा खेळ कायद्याने बंद व्हायला 1835 साल उजाडले. आपल्या महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींचा प्रश्न 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीपासून डिसेंबर 2021 च्या सशर्त परवानगीपर्यंत आणि पुढे मे 2023 मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवणाऱ्या निकालापर्यंत सर्वांनी पाहिला आहे. परंपरा, शेतकऱ्याचा जनावरावरचा जीव, जनावराचा त्रास आणि कायदा यांचा वाद कसा चालतो हे मुलांना त्यातून ठाऊक असते. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे अजिबात सांगू नये. पण कोणाची करमणूक बंद करायची हे ठरवताना कोणाचे ऐकले जाते, हा प्रश्न दोन्हीकडे विचारता येतो. आपल्या मुलीलाच तो प्रथम विचारून पाहा.

प्रश्न : ड्रेकने आरमार येत असताना बोल्सचा डाव पूर्ण केला, ही गोष्ट खरी आहे का? (एक विद्यार्थिनी, अक्कलकोट)

उत्तर : 1588 मध्ये इंग्लंडवर चालून येणारे स्पॅनिश आरमार दिसल्याची बातमी आली तेव्हा इंग्रज आरमाराचा एक सेनानी फ्रान्सिस ड्रेक प्लिमथ बंदरात बोल्स खेळत होता आणि डाव संपवूनच निघाला, असे सांगतात. घटना घडली त्या वेळची अशी नोंद नाही; ड्रेकचे नाव घेऊन ती गोष्ट फार नंतर सांगितली गेली. पण वर दिलेला कायदा आठव. उघड्या जागी, स्वतःच्या बागेबाहेर बोल्स खेळण्याला 6 शिलिंग 8 पेन्स दंड होता, आणि ड्रेकच्या हाताखालच्या खलाशांना तर नाताळाशिवाय तो खेळच मना होता. ही गोष्ट खरी असो वा नसो, ती सेनापतीच्या धीराची म्हणून सांगता आली. तोच डाव खलाशाने पूर्ण केला असता तर ती कामचुकारपणाची गोष्ट झाली असती.

प्रश्न : या सगळ्यात बायका आणि मुली कुठे आहेत? (एक शिक्षिका, मोहोळ)

उत्तर : वरच्या थरात त्या स्पष्ट दिसतात, कारण त्यांचे हिशेब लिहिले गेले. पुढे राणी झालेल्या मेरीच्या खासगी खर्चाच्या वहीत पत्त्यांच्या जुगारात हरलेल्या रकमा आहेत, आणि बोल्सच्या पैजेत हरलेली एक न्याहारीसुद्धा आहे. एलिझाबेथ घोड्यावरून शिकार करी, आणि गॅलियार्ड हा उड्यांचा अवघड नाच तिच्या विशेष आवडीचा होता. 1486 साली छापलेल्या सेंट ऑल्बन्सच्या ग्रंथात कोणत्या दर्जाच्या माणसाला कोणता शिकारी पक्षी शोभतो याची यादी आहे : सम्राटाला गरुड, राजाला जेरफाल्कन, सरदार स्त्रीला मर्लिन हा लहान ससाणा, योमनला गॉसहॉक. प्रत्यक्षात ही यादी कोणी तंतोतंत पाळत नव्हते, पण पक्ष्यांचीही उतरंड लावावीशी वाटली यातच त्या समाजाचे मन दिसते.

खालच्या थरातल्या बायका सणांमध्ये भेटतात. मे महिन्याच्या पहिल्या दिवसाचे खांबाभोवतीचे नाच, चर्चच्या मदतीसाठी भरवलेले मद्याचे मेळावे, आणि गवळणींशी जोडला गेलेला स्टूलबॉल हा चेंडूचा खेळ यांत त्या असत. नाट्यगृहात प्रेक्षक म्हणून बायका जात, रंगमंचावर मात्र स्त्रियांची कामे मुलगे करत. बाकीचा त्यांचा दिवस सूत कातण्यात, दूध काढण्यात आणि मुलांत जाई, आणि तो दिवस मजुराच्या दिवसासारखा संध्याकाळी सात-आठला संपत नव्हता. 1541-42 च्या कायद्याने बाईला धनुष्य दिले नाही आणि तिच्या फुरसतीची दखलही फारशी घेतली नाही. वर्गातल्या मुलींना हे वाक्य देऊन त्याचे कारण लिहायला सांगावे.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. ग्रंथालय नाही, पडदा नाही, आणि या विषयाला फार तर दोन तास देता येतील. काय करता येईल? (एक शिक्षक, मंगळवेढा तालुका)

उत्तर : दोन तास पुरेसे आहेत. पहिल्या तासाला चिठ्ठ्या करा. त्यांवर 100 पौंडांचा जमीनदार, लंडनचा कापडव्यापारी, योमन, गवंड्याचा उमेदवार कामगार, खलाशी, गवळण, आश्रयदाता नसलेला नट अशी माणसे लिहा आणि मुलांना त्या उचलू द्या. प्रत्येकाने चार गोष्टींची उत्तरे शोधायची : मला वेळ कधी आहे, जागा कोणती आहे, पेनी किती आहेत, आणि परवानगी कोणाची लागते. वर दिलेले कायदे आणि मजुरीचे आकडे फळ्यावर लिहिले की मुलांना एवढे साहित्य पुरते. अर्ध्या तासाने चिठ्ठ्या बदलायला लावा, म्हणजे कोणतेही मूल एका पायरीला चिकटून राहणार नाही. चित्र दाखवायचेच असेल तर मुलांच्या खेळांचे चित्रकार ब्रूगेलचे 1560 मधले चित्र पुष्कळ ठिकाणी सापडते, पण ते आजच्या बेल्जियमच्या भागातले आहे, इंग्लंडमधले नव्हे, हे सांगून मगच दाखवा.

दुसऱ्या तासाला एकच कोडे घाला. आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे युद्धजहाज 19 जुलै 1545 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बुडाले आणि त्याचा सांगाडा 1982 साली वर काढला गेला. आज तो पोर्ट्समथ इथल्या संग्रहालयात आहे. चिखलात दबल्यामुळे लाकडी वस्तूही टिकल्या : दीडशेहून जास्त धनुष्ये, हजारो बाण, फासे, बासऱ्या, सारंगीसारखी वाद्ये. आणि जहाजावरच्या सुताराच्या खोलीत सापडला ‘टेबल्स’ या सोंगट्यांच्या खेळाचा पट. जहाज बुडण्याआधी जेमतेम तीन-चार वर्षे झालेल्या कायद्यात कारागिराला आणि खलाशाला हाच खेळ नाव घेऊन मना केलेला होता.

मग तो पट तिथे कसा? मुलांना गटांत बसवून याची जितकी कारणे सुचतील तितकी लिहू द्या. कोणी म्हणेल की समुद्रावर कायदा बघायला कोण येणार. कोणी म्हणेल की कप्तानाने परवानगी दिली असेल. कोणी म्हणेल की सुतार हा साधा खलाशी नव्हता, स्वतंत्र खोली असलेला मानाचा माणूस होता, म्हणून त्याला कोणी विचारले नसेल. कोणी म्हणेल की पट दुरुस्तीला आला असेल. यांतले कोणतेही कारण चूक म्हणून खोडू नका. प्रत्येक गटाला एवढेच विचारा की तुमचे कारण खरे ठरायचे असेल तर आणखी कोणता पुरावा सापडायला हवा, आणि ते उत्तर वहीत लिहून घ्या. चाचणीत गुण त्या उत्तराला द्यावेत, खेळांच्या नावांना नव्हे.